टाकीवरचं ऊन

"आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बुधवार," मी सांगितलं.

प्रश्न मला नव्हता. समोरच्या खुर्चीवर माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का, बसल्या होत्या, तपासणी त्यांच्या स्मरणशक्तीची चालली होती, आणि मी फक्त त्यांना गाडीत घालून सांगलीहून मिरजेला आणणारा जावई होतो. पण दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची मला शाळेपासूनची खोड आहे. शाळेत त्याबद्दल निदान बाकावर उभं तरी करत.

सासूबाईंनी पदर सावरला, माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या, "बेस्तरवार हाय, सातारकर."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. गुरुवारच होता. मग त्यांनी अक्कांकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं, जरा जास्तच वेळ.

"तुमचं वय काय?"

"त्रेपन्न."

"हं," असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझी बायको पद्मजा शेजारीच बसली होती. तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचे वार मला आपोआप आठवले.

पुढच्या प्रश्नाला मात्र हसू मावळलं. डॉक्टरांनी सुरुवातीलाच तीन शब्द सांगून ठेवले होते, पेरू, चावी, बैल, आणि थोड्या वेळानं परत विचारीन म्हणून बजावलं होतं. विचारल्यावर अक्का गोड हसल्या. "कवा सांगितलं बाई तुमी? मला कुणी काय सांगितलंच न्हाई."

तिन्ही शब्द मला आठवत होते. बरोबर उत्तर येत असताना मी गप्प बसलोय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

तपासणी संपली. अक्कांना घेऊन वहिनी, म्हणजे माझ्या मेहुण्याची बायको, बाहेरच्या बाकावर गेल्या. पद्मजानं औषधाचं विचारलं नाही, खर्चाचं विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न निराळाच होता. "डॉक्टर, हे आईकडून लेकीकडं येतं का?"

त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण ते पुढं सांगतो. आधी अक्का सांगायला हव्यात.

अक्कांना जाऊन आता वर्ष होत आलं. नाव राजमती, पण त्यांना सगळी गल्ली अक्काच म्हणायची. भाजीवालीसुद्धा आणि इस्त्रीवालासुद्धा. माहेर कुंडलचं, सासर सांगलीचं, आणि या दोन गावांच्या पलीकडं जे काही जग आहे त्याचं नाव त्यांच्या लेखी सातारा होतं. म्हणून मी सातारकर. त्यांची लेक पदरात पडण्याआधीही सातारकर आणि दोन नातवंडं झाल्यावरही सातारकर. 'जावयबापू' ही पदवी मला शेवटपर्यंत मिळाली नाही. पद्मजाचं म्हणणं, ती कमवावी लागते.

घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, हा त्या घराचा कायदा. अंधारात दिव्यापाशी किडामुंगी येते, ताटात पडते, जीव जातो, म्हणून उजेडात जेवायचं. हा नेम घरोघरी कमीजास्त पाळतात. अक्का तो असा पाळायच्या की सूर्यानं त्यांच्यावरून वेळ लावून घ्यावी. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते अण्णांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. अक्कांचं घड्याळ समोरच्या घराच्या गच्चीवर होतं. पाण्याची टाकी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती नीट दिसायची. संध्याकाळी सावली टाकीच्या बुडाला लागली की पीठ मळायला घ्यायचं, मध्यावर चढली की ताटं मांडायची, आणि टोपणावरचं ऊन गेलं की सगळ्यांनी तोंडं पुसून मोकळं व्हायचं. एकदा समोरच्यांनी ती टाकी काढून मागच्या बाजूला बसवायचा घाट घातला. अक्का पदर खोचून त्यांच्या दारात. "आणि आमी जेवायचं कशावर?" शेजाऱ्यांना प्रश्न कळला नाही, पण टाकी राहिली.

या कायद्याशी माझी पहिली गाठ पडली ती ऐन महत्त्वाच्या दिवशी. पद्मजा आणि मी सांगलीत एका कॉलेजात होतो. मी जातीबाहेरचा, कांद्या-लसणाच्या घरातला, सातारला वडिलांचं चष्म्याचं दुकान. मागणी घालायला एकटाच गेलो. बोलायचं सगळं पाठ केलं होतं. फक्त वेळ संध्याकाळी सातची निवडली, कारण सिनेमातले लोक सातलाच येतात.

दार अक्कांनी उघडलं. "कोण?"

"मी सातारहून आलोय. पद्मजाच्या..."

"जेवणं झाली. उद्या या."

"नाही, मी जेवायला नाही आलो. मला जरा बोलायचंय."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "जेवलायसा का?"

"नाही."

"मंग तर उद्याच या. उपाशी माणसाचं बोलणं खरं धरू न्हाई."

आणि दार लागलं. दुसऱ्या दिवशी मी चार वाजताच हजर. अण्णा मला काय काय विचारायचं याची तयारी करून बसले होते. जात, धर्म, दुकान, पाहुणे काय म्हणतील. पण अक्कांनी आधी ताट ठेवलं. ज्वारीच्या भाकऱ्या, मुगाचं वरण, तूप. मी जेवत राहिलो, त्या वाढत राहिल्या. टाकीच्या टोपणावर ऊन असतानाच मी हात धुतला. अक्का अण्णांना म्हणाल्या, "पोरगं येळंवर आलंय. येळ पाळतंय त्ये पोरगीबी सांभाळंल." अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि सुपारी कातरायला घेतली. माझं पाठांतर आजतागायत तसंच पडून आहे.

लग्नानंतर सांगलीला मुक्काम म्हणजे माझी परीक्षा असायची. हिवाळ्यात साडेपाचला जेवण. आठ वाजता पोट मला विचारायचं, आज उपास आहे का? एकदा राहवेना म्हणून स्वयंपाकघरात गेलो. अक्का खिडकीशी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी उगाच पाण्याचा तांब्या उचलला.

"तहान लागली का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तांब्यात भाकरी न्हाई."

त्यांनी ओट्याकडं बोट केलं. एका ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं. "दिवस बुडाल्यावर मी कुणाला वाढत न्हाई. पर झाकून ठेवलेलं कुणी खाल्लं तर मला काय ठावं? मला अंधारात दिसत न्हाई." असं म्हणून त्यांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडं पाठ करून बसल्या. दिवा लख्ख लागलेला होता.

तेव्हापासून मी सांगलीला असलो की ओट्यावर एक झाकलेलं ताट असायचं. त्याबद्दल दोघांपैकी कुणीही कधी बोललं नाही. अक्कांचा नेमही मोडला नाही आणि माझं पोटही राहिलं. धर्म आणि जावई दोन्ही एकाच ओट्यावर सांभाळणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्यांची दुसरी वस्तू म्हणजे गाळणं. पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी त्यांच्या पिशवीत कायम असे. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही. सातारला आमच्याकडं आल्या की आधी नळाला फडकं बांधायच्या. आम्ही पाणी शुद्ध करायचं मशीन घेतलं, त्याचा मला फार अभिमान. मी त्यांना त्याचे सगळे टप्पे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मशीनच्या तोटीला फडकं बांधलं.

"अक्का, यातनं सूक्ष्म जंतूसुद्धा जात नाही."

"मशीननं गाळलं आसंल. मी न्हाई गाळलं."

आमच्याकडं येणारे लोक त्या मशीनला धोतर नेसवलंय का म्हणून विचारायचे.

अण्णा गेल्यावर अक्का मुलाकडंच राहिल्या, म्हणजे त्याच घरात. पद्मजाचा धाकटा भाऊ शीतल. आईबापांनी नाव मोठ्या आशेनं ठेवलं होतं. कुपवाडला त्याचा पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना आहे, आणि तिथली भट्टी आधी तापते की तो, यावर कामगार पैजा लावतात. पण आईपुढं मांजर. आईनं "जेव" म्हटलं की चालू फोन ठेवून जेवायला बसायचा.

आता जे सांगतो ते फक्त आमच्याच घरात घडू शकत होतं. दुसऱ्या कुठल्या घरात लवकर लक्षात आलं असतं.

अक्का संध्याकाळी अस्वस्थ व्हायला लागल्या. उन्हं कलली की त्यांची घाई सुरू. आधी साडेपाचचं जेवण पाचवर आलं, मग चारवर. ताटं मांडायच्या, उचलायच्या, परत मांडायच्या. "दिवस बुडाला, दिवस बुडाला" म्हणत या खोलीतून त्या खोलीत. शीतल कौतुकानं सांगायचा, "दाजी, आईचा नेम आता लय कडक झालाय." शेजारच्या बायका पाया पडायच्या. वय झालं की धर्म वाढतोच, असं आम्ही सगळेच म्हणालो. मीही म्हणालो, आणि ओट्यावरचं झाकलेलं ताट कधीकधी रिकामं निघू लागलं तेव्हा म्हणालो, "बघा, आता माझ्या पापांनाही माफी नाही."

एका पावसाळी दिवशी मी तिथंच होतो. सकाळपासून आभाळ भरलेलं. टाकीवर ऊन नाहीच. अक्का खिडकीत आल्या, टाकी पाहिली, आणि सकाळी दहाला सगळ्यांना जेवायला बसवलं. ताटं धुऊन होतात न होतात तोच परत खिडकीत. "अगं बाई, दिवस बुडाला. बसा, बसा." परत ताटं. मी तीन वेळा जेवलो आणि सासूबाईंच्या मायेवर एक छोटं भाषणही केलं. दुसऱ्यांना नीट दिसावं यावर माझं पोट चालतं. माझ्या चष्म्याच्या दुकानावर तशी पाटीच आहे.

मग एका संध्याकाळी अक्का घरात नव्हत्या. शीतलनं गाडी काढली, वहिनी गल्लीत, आम्ही सातारहून फोनवर. सापडल्या बसस्थानकावर, हातात पाणी गाळायचं फडकं. कुंडलची गाडी कोणती, म्हणून विचारत होत्या. "आई वाट बघत बसली आसंल. जेवायची थांबली आसंल." त्यांच्या आईला जाऊन तेव्हा एक अख्खी पिढी उलटली होती.

त्यानंतर मिरज, आणि तो बुधवारचा गुरुवार.

डॉक्टरांनी अक्कांना घड्याळ काढायला सांगितलं होतं. अक्कांनी गोल काढला, छान वाटोळा, भाकरीसारखा. आकडे एकही नाही. काटे नाहीत. गोलाच्या एका कडेला फक्त एक आडवी रेघ. "ही काय?" डॉक्टरांनी विचारलं. "हितवर आलं की जेवायचं," अक्का म्हणाल्या. डॉक्टरांना याला किती गुण द्यावेत ते कळेना. तशा त्या प्रामाणिक, म्हणाल्या, "मला ही पद्धत शिकवलेली नाही."

मेंदूचे फोटो मात्र स्वच्छ बोलत होते. डॉक्टरांनी ते पडद्यावर लावले. कानशिलाच्या आतल्या अंगाला एक भाग असतो, समुद्रघोड्याच्या आकाराचा. नवीन गोष्ट आधी तिथं नोंदवली जाते. अक्कांचा तो भाग सुकलेल्या शेंगेसारखा आक्रसला होता. "पेशींच्या बाहेर एका प्रथिनाचे गोळे साचत जातात," डॉक्टर सांगत होत्या. "आणि पेशींच्या आत दुसऱ्या एका प्रथिनाच्या धाग्यांचा गुंता होतो. मग पेशींचं एकमेकींशी बोलणं तुटतं, आणि हळूहळू त्या मरतात."

"म्हणजे बाहेरनं गंज आणि आतनं वायरिंग गेलं," पद्मजामागं उभा असलेला शीतल म्हणाला.

"साधारण तसं."

"दुरुस्ती?"

"नाही. गोळ्यांनी थोडा आधार मिळेल."

"सुरू कवा झालं हे? औंदाच ना?"

"लक्षणं आत्ता दिसली. आतली सुरुवात पंधरा-वीस वर्षांपूर्वीही झालेली असू शकते."

मी मनात मागं गेलो. म्हणजे अक्का मशीनला धोतर नेसवत होत्या, खुर्ची फिरवून माझ्याकडं पाठ करून बसत होत्या, आणि आत कुठंतरी पहिली गाठ बसत होती. आम्ही हसत होतो तेव्हा तेही आमच्यातच बसलेलं होतं, पाहुण्यासारखं, न बोलता.

"आणि संध्याकाळची घाई?" वहिनींनी दारातून विचारलं.

"हा आजाराचाच भाग. बऱ्याच रुग्णांना दिवस मावळताना बेचैनी येते. घरी जायचंय म्हणतात. घरातच बसून."

शीतलनं मान खाली घातली. आम्ही ज्याच्या पाया पडत होतो ते दुखणं होतं.

आता पद्मजाच्या प्रश्नाचं उत्तर. डॉक्टर म्हणाल्या, एक जनुक आहे. त्याचे प्रकार असतात. त्यातला चार नंबरचा प्रकार अंगात असेल तर या आजाराची शक्यता वाढते. प्रत्येकाकडं या जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. चार नंबरची एक प्रत आली तर शक्यता थोडी जास्त, दोन्ही आल्या तर बरीच जास्त. "पण तो निकाल नव्हे. असून आजार न झालेली माणसं आहेत, नसून झालेलीही आहेत. काही थोड्या घराण्यांत वेगळीच जनुकं असतात, तिथं चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतं आणि जवळजवळ टळत नाही. तुमचं तसं दिसत नाही."

"माझ्या आजीलाही शेवटी असंच होतं," पद्मजा म्हणाली. "कुंडलला लोक म्हणायचे, म्हातारीला चळ लागलाय. आईनंच तिचं सगळं केलं."

अक्कांना हे ठाऊक होतं. घरी परत जाताना गाडीत त्या एकदम लख्ख होऊन म्हणाल्या, "आईची नथ थोरलीला गेली. पाटल्या धाकटीला. मला हे ऱ्हायलं हुतं." आणि हसल्या. मग खिडकीबाहेर बघून मला विचारलं, "पाव्हणं, कुंडल आलं का?"

पद्मजा मागच्या सीटवर होती. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. तो मी बघायला नको होता, रस्ता बघायला हवा होता. एक खड्डा पूर्ण ताकदीनं घेतला.

शीतलचं डोकं यंत्रासारखं चालतं. बिघाड आहे का ते तपासा, मग पुढचं. डॉक्टरांसमोरच तो पद्मजाला म्हणाला होता, "रक्ताची चाचणी आहे ना? तू कर, मी करतो. विषय संपला." डॉक्टरांनी घाई करू नका म्हणून सांगितलं. आधी समुपदेशकाशी बोला, कळल्यावर काय करणार ते ठरवा. पद्मजानं विचारलं, "कळलं तर काय करायचं?"

"रक्तदाब, साखर सांभाळायची. चालायचं. झोप. कान तपासून घ्यायचे. माणसांत राहायचं."

"आणि रिपोर्टमध्ये नाही म्हणून आलं तर?"

"तरी हेच."

"मग रिपोर्ट कशाला?"

"ते ज्याचं त्यानं ठरवायचं," डॉक्टर म्हणाल्या. "काहींना न कळण्याचाच जास्त त्रास होतो."

त्या काहींत मी होतो. सातारला परत आल्यावर मी पद्मजाला म्हणालो, "हे बघ, नंबर कळल्याशिवाय चष्मा कसा लावणार?"

"या नंबरचा चष्मा आहे तुमच्या दुकानात?"

नव्हता. पण मला भीती वाटत होती, आणि भ्यालेला माणूस वाद घालतो. मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. किल्ल्या कुठं ठेवते, दुधाचं सांगायचं विसरते का, एकच गोष्ट दोनदा सांगते का. दुसरी शंका तर मला रोजच यायची, कारण ती मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते. पहिल्यांदा मी ऐकत नाही. एके दिवशी भाजीत मीठ नव्हतं. मी अगदी हळुवार आवाजात म्हणालो, "अगं, मीठ... राहिलं का गं?"

"राहिलं नाही, कमी केलंय. डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळायला सांगितलाय ना?" मग ती माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही मला बघताय की माझा मेंदू?"

मी बिनमिठाची भाजी दोनदा वाढून घेतली.

शीतलनं चाचणी केली. रिपोर्ट आला तेव्हा त्यानं मला दुकानात फोन केला. मी एका आजोबांना खालून दुसरी ओळ वाचायला लावत होतो. "दाजी, न्हाई माझ्यात! चार नंबर न्हाई!" तो ओरडला तो आजोबांनाही ऐकू गेला. "ताईला द्या, ताईला द्या." ताई दुकानातच होती. मी फोन स्पीकरवर टाकला. "ताई, माझ्यात न्हाई!" आणि मग तो थांबला. भावाला नाही म्हणजे बहिणीला नाही असं नसतं, प्रत्येकाचं नाणं वेगळं उडतं, हे डॉक्टरांनी त्यालाच समजावलं होतं. भट्टीवर पाणी ओतल्यासारखा आवाज खाली आला.

"ताई, तू... तू जेवलीस का?"

"जेवले रे," पद्मजा म्हणाली. "बरं झालं. पेढे आण."

आजोबा तेवढ्यात सगळी ओळ वाचून बसले होते, चुकीची.

पुढच्या दिवसांत अक्का एकेक करून सगळं खाली ठेवत गेल्या. आधी आजचं, मग कालचं, मग आमची नावं. शीतलला त्या अण्णा समजायच्या. पद्मजाला कधी बहीण, कधी नर्स. सातारकर हे नावही गेलं, आणि गेल्यावर मला कळलं की ती पदवीच होती. संध्याकाळची बेचैनी मात्र वाढली. त्यावरचा उपाय वहिनींना सापडला. सावली टाकीच्या बुडाला लागायच्या सुमाराला त्या अक्कांच्या हातात पिठाचा गोळा द्यायच्या. अक्का तो मळत बसायच्या, आणि "दिवस बुडाला" थांबायचं. डॉक्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हातांच्या सवयी मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतात, तिथं आजार उशिरा पोचतो. वहिनी म्हणाल्या, "व्हय, पर पोळ्या लय कडक होत्यात."

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते थंडीत. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. स्वयंपाकघरात खिडकीशी खुर्ची, खुर्चीत अक्का, अंगावर शाल. पद्मजा त्यांचे केस विंचरत होती. अक्कांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि वहिनींना म्हणाल्या, "ही बाई लय मायाळू हाय. कुणाची?"

"तुमचीच," वहिनी म्हणाल्या.

"आसंल," अक्का म्हणाल्या.

पद्मजाचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

आम्हाला निघायचं होतं. सगळ्यांची जेवणं झाली होती. मी कुपवाडला शीतलचं नवीन यंत्र बघायला गेलो होतो, त्यामुळं राहिलो. समोरच्या टाकीच्या टोपणावरचं ऊन गेलं. मी म्हणालो, "चला, वाटेत खाऊ काहीतरी." आणि अक्कांच्या पाया पडायला वाकलो.

अक्का उठल्या. वहिनी धरायला धावल्या, तर त्यांनी हात झटकला. ओट्यापाशी गेल्या. ताट घेतलं. डब्यातली भाकरी ठेवली, बाजूला चटणी, वाटी चाचपून वरण. हात कापत होते, वरण थोडं ताटात सांडलं. मग मांडणीवरचं दुसरं ताट काढून त्याच्यावर पालथं घातलं. ते सगळं माझ्यापुढं सरकवलं. माझ्याकडं बघितलं, पण मी कोण ते त्या डोळ्यांत कुठंच नव्हतं. समोर एक उपाशी माणूस होता, एवढंच. खुर्चीपाशी परत गेल्या, खुर्ची ओढून फिरवली, आणि पाठ करून बसल्या.

"मला अंधारात दिसत न्हाई," त्या म्हणाल्या.

त्या पहिल्या रात्रीनंतर हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. शीतल छताकडं बघत उभा राहिला. मी ओट्याशी उभ्या उभ्या जेवलो. त्या ताटाबद्दल बोलायची आमच्यात पद्धत नव्हतीच. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर टाकीचा फक्त काळा आकार उरला होता, आणि काचेत त्यांचा.

आम्ही सातारच्या वाटेला लागलो, आष्टा मागं गेलं. पद्मजाच्या डोक्यात काय चाललंय ते मला माहीत होतं, पण मी सरळ गाडी चालवत राहिलो. शेवटी पेठ नाका, म्हणजे महामार्गाचा फाटा, जवळ आला तेव्हा मीच विचारलं, "चाचणीचं काय ठरवलंस?"

"नाही करायची."

मोठ्या रस्त्यावर गाडी नीट घेतली, सिग्नल दाखवून, आरशात बघून, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी.

"आईला माझं नाव आठवलं नाही," ती म्हणाली. "तुमचंही नाही. पण तुम्ही उपाशी आहात ते कळलं. डोक्यातलं सगळं गेलं आणि हातातलं राहिलं. मघापासून मी विचार करतेय, माझं गेलं तर मागं काय राहील?"

"मग?" मी विचारलं.

"सापडलं. पंचवीस वर्षांचा रोजचा सराव आहे. ते काही जायचं नाही."

"काय?"

"तुमच्या चुका काढणं. गाडी वळवा, हा रस्ता कोल्हापूरला जातो."